खेळण्यांच्या धंद्यात दोन पिढ्या टिकायचं तर

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा, एक तरुण बाई कापडी पिशवी छातीशी धरून गर्दीतून पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी लाकडी पांगुळगाडा काढला आणि काउंटरवर ठेवला. रंग उडालेला, दांडी हात लागून लागून गुळगुळीत झालेली, पुढचं चाक गायब. "आईनं माझ्यासाठी तुमच्याकडूनच घेतला होता. आता माझा मुलगा धरून उभा राहायला लागलाय. याचं चाक मिळेल का?" मी गाडा उलटा केला. फळीच्या खाली खिळ्यानं कोरलं होतं : १९९९. अक्षर माझंच.

चाक होतं. जुन्या मापाची चाकं मी एका खणात जपून ठेवते. पाच मिनिटांत ते बसवलं, दोनदा ओढून बघितलं आणि गाडा त्यांच्या हातात दिला. जाताना त्यांनी मुलासाठी ठोकळ्यांचा संच आणि भाचीसाठी भातुकली घेतली.

या धंद्यात येऊ पाहणारी तरुण मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा भांडवलाचा असतो आणि दुसरा 'सध्या काय चालतं' हा. मी त्यांना आधी हा पांगुळगाडा सांगते. किराणा दुकानदाराचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं तेच राहतं. आपलं गिऱ्हाईक मात्र दर चार-पाच वर्षांनी मोठं होतं आणि निघून जातं. मग वीस-पंचवीस वर्षांनी ते कडेवर मूल घेऊन परत येतं, आणि आपण त्याला पूर्वी काय दिलं होतं हे त्याच्या पक्कं लक्षात असतं. खेळण्यांच्या धंद्यातली लांब पल्ल्याची कारकीर्द या परतीच्या फेरीवर उभी राहते. माल निवडणं, किंमत लावणं, उधारी देणं, नोकर ठेवणं असा प्रत्येक निर्णय 'हे मूल मोठं होऊन परत येईल का' या एका कसोटीवर घासून बघितला, तर पुष्कळ चुका टळतात. अठ्ठावीस वर्षांत मी काही चुका टाळल्या, काही केल्या. दोन्हींतून जे हाती आलं ते इथे मांडते.

आधी आपली जागा ठरवा

खेळण्यांचा धंदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दुकान येतं. प्रत्यक्षात हा अनेक कामांचा मिळून एक धंदा आहे. खेळणं सुचणं आणि त्याचा आराखडा करणं हे एक काम. ते लाकडात, कापडात, मातीत किंवा प्लास्टिकमध्ये घडवणं हे दुसरं. साचे बनवणं, रंग, छपाई आणि खोकी पुरवणं हे तिसरं. तपासणी आणि दर्जा, घाऊक व्यापार, किरकोळ दुकान, ऑनलाइन विक्री, शाळा-बालवाड्यांना पुरवठा, खेळणी वाचनालय ही आणखी वेगवेगळी दालनं. प्रत्येकाला लागणारा स्वभाव वेगळा. ज्याला माणसांत रमायला आवडतं त्यानं काउंटर धरावा. ज्याला एका सांध्यावर चार दिवस घालवता येतात त्यानं घडवण्याकडे वळावं.

शिकायची सोय आज चांगली आहे. राष्ट्रीय डिझाईन संस्था, म्हणजे एनआयडी, खेळणी आणि खेळ यांच्या डिझाईनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिच्या गांधीनगरच्या आवारात चालवते. कारखान्यातलं काम शिकायचं असेल तर आपल्या शेजारी गोव्यात फनस्कूलचा कारखाना आहे. १९८७मध्ये सुरू झालेली ही कंपनी आजही देशातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. इंजेक्शन मोल्डिंग, जुळणी, दर्जा तपासणी, पॅकिंग यांपैकी कुठल्याही खात्यात काढलेली दोन वर्षं पुढे स्वतःचा कारखाना काढताना कामी येतात. आणि काहीच परवडत नसेल तर अरविंद गुप्तांची पुस्तकं वाचा. आयआयटीतून शिकून त्यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान-खेळणी केली, पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं ती मुलांकडून करून घेतली. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही मिळतात. त्यांतली वीस खेळणी स्वतःच्या हातानं करून बघा. खेळणं 'चालतं' म्हणजे नेमकं काय होतं, ते बोटांना कळेल.

पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काढा

घरचं भांडवल असलं तरी माझा हा आग्रह असतो. मी स्वतः मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत एका घाऊक व्यापाऱ्याकडे दोन वर्षं काम केलं. पगार जेमतेम होता. पण ट्रान्सपोर्टला गेलेल्या दहा खोक्यांतली कुठली फुटून परत येतात, सोलापूरचा दुकानदार काय मागतो आणि रत्नागिरीचा काय मागतो, कोण पैसे वेळेवर देतो आणि कोण 'पुढच्या फेरीला' म्हणतो, हे सगळं तिथे डोळ्यांसमोर घडलं. ते पुस्तकात सापडत नाही.

तिथे लागलेली एक सवय आजतागायत सुटली नाही. काउंटरखाली एक वही असते. गिऱ्हाईकानं मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते त्या वहीत त्याच दिवशी लिहायचं. विक्रीची वही काय खपलं ते सांगते. ही दुसरी वही काय खपलं असतं ते सांगते. 'डावखुऱ्या मुलासाठी कात्री', 'आवाज न करणारं काहीतरी, घरात आजारी माणूस आहे', 'तीन मुलांना मिळून खेळता येईल असं', 'आजोबांनाही खेळता येईल असा पट'. महिन्याच्या शेवटी ही पानं वाचली की पुढच्या खरेदीची निम्मी यादी तयार असते.

मुलाकडे बघायला शिका

खेळणं निवडतो मोठा माणूस, खेळतं मूल. मोठ्या माणसाला रंगीत खोकं आवडतं, मुलाला कधी कधी नुसतं खोकंच आवडतं. धंद्यात या दोघांनाही सांभाळावं लागतं, पण निकाल मूलच देतं, आणि तो शब्दांत देत नाही. म्हणून बघावं लागतं.

आम्ही एक ओढायची बैलगाडी केली होती. दोरी धरून चालायचं आणि मागून गाडी येणार, अशी आमची कल्पना. शेजारच्या बालवाडीत दहा-बारा मुलांपुढे ती ठेवली आणि मी कोपऱ्यात बसून राहिले. दीड-दोन वर्षांच्या एका मुलीनं दोरीकडे बघितलंही नाही. तिनं गाडी उलटी केली, मांडीवर घेतली आणि तळव्यानं चाकं फिरवायला लागली. एक फिरवायची, थांबायची, ऐकायची, मग दुसरं. पंधरा मिनिटं तिचं हेच चाललं. तिच्यामागून आणखी दोघांनी तेच केलं. आम्ही परत येऊन चाकं मोठी केली, दोन्ही चाकांवर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे काढले, आस थोडा सैल ठेवला म्हणजे चाक जास्त वेळ फिरेल. तीच गाडी नंतर बारा वर्षं विकली गेली. त्या मुलीला मी काही विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

वयाचा अंदाज असाच बघून पक्का होतो. सहा-आठ महिन्यांचं मूल प्रत्येक गोष्ट तोंडात घालून ओळखतं. दीड वर्षाचं ढकलतं, ओढतं, ओततं, भरतं. अडीच-तीन वर्षांचं रचतं आणि पाडतं. पाडण्यातली मजा रचण्याइतकीच असते. चार-पाच वर्षांत भातुकली येते. दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर असं मोठ्यांचं जग मूल आपल्या मापाचं करून घेतं. सहा-सातनंतर नियमांचे खेळ जमतात, कारण हरणं सोसायची थोडी ताकद आलेली असते. नऊ-दहानंतर जमवाजमव, डावपेच आणि मित्रांची पसंती हे सगळं एकदम येतं. समोरच्या आजीला 'नातू किती वर्षांचा?' एवढं विचारून थांबू नका. 'घरी आल्यावर काय करतो?' हे विचारा. उत्तरातच खेळणं सापडतं.

आणि एखादं खेळणं त्या वयाला योग्य नसेल तर विकू नका. 'हे दोन वर्षांनी घ्या' असं सांगून मी अनेकदा गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवलंय. ती माणसं दोन वर्षांनी येतात, आणि येताना शेजारणीला घेऊन येतात.

सुरक्षितता : इथे तडजोड नाही

बाकी सगळ्या बाबतीत मतभेद चालतील, इथे नाही. आपला माल मुलाच्या तोंडात जातो. हे वाक्य कारखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगं आहे.

कायदाही आता तेच म्हणतो. केंद्र सरकारच्या २०२०च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे बीआयएसची, मानक खूण (आयएसआय मार्क) सक्तीची आहे. विजेवर किंवा बॅटरीवर न चालणाऱ्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेच्या खेळण्यांना आयएस १५६४४ ही मानकं लागू होतात. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांचे अधिकृत वापरकर्ते यांना त्यातून सूट आहे.

नव्या माणसाची इथे एक चूक हमखास होते. परवाना मिळतो तो खेळणं बनवणाऱ्या कारखान्याला. व्यापाऱ्यानं कुठूनतरी माल उचलून स्वतःच्या नावाचं खोकं चढवलं म्हणजे तो माल मानकात बसत नाही. आणि विना-खुणेचा माल नुसता विकायला ठेवणंही गुन्हा आहे, बनवणाऱ्याइतकाच विकणाराही अडकतो. म्हणून खरेदी करताना खुणेजवळचा सीएम/एल क्रमांक बघा आणि 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. परवाना कुणाचा, कुठल्या मालासाठी आणि चालू आहे का, हे जागच्या जागी कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, ते प्रत्येक नव्या पुरवठादाराच्या बाबतीत करा.

कायद्याच्या पलीकडे डोळाही तयार हवा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटा होईल असा बारीक भाग चालत नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं असतं, लहान मुलाच्या घशाच्या मापाचं. जो भाग त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. असं नळकांडं आमच्या कामाच्या टेबलावर कायम असतं. बाहुलीचा डोळा, गाडीचं चाक, खुळखुळ्यातला मणी, जे जे निघू शकतं ते ओढून बघायचं. मानकात ही ओढ साधारण सात किलोच्या वजनाइतकी धरली आहे, कारण चिडलेलं मूल तेवढ्या जोरानं ओढतं. बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं. बटनासारखी चपटी बॅटरी आणि छोटी जोरकस लोहचुंबकं पोटात गेली तर आतडं फाडू शकतात. रंग विकत घेताना शिसं आणि कॅडमियमचा चाचणी अहवाल मागा. 'आम्ही वर्षानुवर्षं हाच वापरतो' हे उत्तर पुरेसं नाही. नावाजलेल्या कंपन्यांनाही इथे ठेच लागली आहे. २००७मध्ये रंगातल्या शिशामुळे मॅटेलला जगभरातून लाखो खेळणी परत मागवावी लागली होती.

हिशेब : दिवाळीत विकायचं, श्रावणात भरायचं

खेळणं घडवणारे अनेक जण हातचे कसबी असतात आणि किंमत लावताना फसतात. एक साधं उदाहरण घ्या. लाकूड ६० रुपये, मजुरी ७०, रंग २०, खोकं २५, तुटफूट आणि नापास माल १०, वीज-भाडं-वाहतूक १५. झाले २००. नवखा माणूस म्हणतो, २५०ला विकू, पन्नास सुटतील. पण दुकानदाराला त्याचा वाटा हवा, मधे वितरक असेल तर त्याला हवा, कर भरायचा आहे, पुढच्या साच्यासाठी पैसे बाजूला पडायला हवेत आणि स्वतःचा पगारही हवा. मी दोनशेच्या मालाची दुकानातली किंमत पाचशेच्या खाली धरत नाही. तेवढ्या किमतीला गिऱ्हाईक मिळणार नसेल तर खेळणं बदलते, भाग कमी करते, खोकं साधं करते. स्वतःची मजुरी कापत नाही. मजुरी कापून चालवलेला धंदा तीन दिवाळ्यांच्या पुढे जात नाही, हे मी कसबी लोकांच्या बाबतीत फार वेळा बघितलंय.

प्लास्टिकमध्ये उतरायचं असेल तर सगळा खर्च साच्यात असतो. नग स्वस्त पडतो, पण साचा महाग. म्हणून आधी तेच खेळणं लाकडात, पुठ्ठ्यात किंवा थ्रीडी प्रिंटरवर करून पन्नास मुलांच्या हातात द्या. साचा एकदा कापला की चूकही पोलादात कोरली जाते.

आपल्याकडे धंद्याला दोन भरत्या येतात, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी. वाढदिवस आणि रिटर्न गिफ्ट वर्षभर चूल पेटती ठेवतात. दिवाळीचा माल आषाढ-श्रावणात भरावा लागतो, पैसे मात्र कार्तिक उलटल्यावर हाती येतात. मधल्या चार महिन्यांची सोय आधी करून ठेवा. ती न केल्यानं चांगली चाललेली दुकानं बसतात. उत्पादक असाल तर उद्यम नोंदणी करूनच घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं बंधन २००६च्या कायद्यानं खरेदीदारावर घातलं आहे. प्रत्येक बिलावर तुमचा उद्यम क्रमांक छापलेला असू द्या. कर्ज-अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्रात एकदा स्वतः जाऊन बसा. तिथून पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती या दोन्ही योजनांची वाट कळते.

लाट आली म्हणजे

२०१७च्या उन्हाळ्यात बोटांवर फिरवायच्या स्पिनरची लाट आली. दुकानात रोज शंभर-दीडशे जात होते. मी धाडस केलं आणि एका पुरवठादाराकडून तीन हजार नग रोखीनं उचलले. जूनमध्ये शाळा उघडल्या, पाऊस लागला, आणि लाट ओसरली. दोन हजारांच्या आसपास नग माझ्या माळ्यावर राहिले. त्या वर्षी दिवाळीच्या भरण्याला पैसे कमी पडले, म्हणजे मार दोनदा बसला.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. भांडवलाचे दहातले सात रुपये सदाबहार मालात : ठोकळे, भातुकली, बाहुल्या, चेंडू, कोडी, पट, भोवरे. दोन रुपये नव्या पण टिकतील असं वाटणाऱ्या मालात. लाटेवर एकच रुपया, आणि तोही आठवड्याला संपेल इतकाच माल घेऊन. लाटेत कमवावं जरूर, पण तिच्यावर घर बांधू नये.

सदाबहार म्हणजे जुनंच, असंही नाही. जपानमध्ये बेगोमा नावाचा छोटा धातूचा भोवरा पिढ्यान्‌पिढ्या मुलं एकमेकांच्या भोवऱ्यावर आदळत होती. ताकारा कंपनीनं त्याच खेळाला सुटे बदलता येणारे भाग आणि रिंगण दिलं, आणि १९९९मध्ये बेब्लेड आलं. भोवरा तर आपल्या गल्लीतही होता. मुलाला त्यात नेमकी कसली चुरस वाटते हे ज्यानं ओळखलं, त्याला नवं खेळणं सापडलं.

लेगोची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावी. डेन्मार्कच्या बिलुंड गावचे सुतार ओले किर्क क्रिस्टियानसन यांनी मंदीत, १९३२मध्ये, लाकडी खेळणी करायला घेतली. त्यांच्या मुलानं एकदा लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात रोगण दिलं आणि पैसे वाचवल्याचं कौतुकानं सांगितलं. वडिलांनी त्याला ती खोकी स्टेशनवरून परत आणायला लावली आणि राहिलेला हात द्यायला लावला. हाच मुलगा, गॉडफ्रेड, पुढे कंपनीचा प्रमुख झाला, आणि १९५८मध्ये एकमेकींत घट्ट बसणाऱ्या विटेचं पेटंट घेतलं. त्या वेळची वीट आजच्या विटेत बसते. आजोबांची खोकी नातवाच्या खोक्यात मिसळता येतात. या शतकाच्या सुरुवातीला मात्र कंपनी कपडे, मनोरंजन बागा, व्हिडिओ गेम अशी चहूकडे पसरली, विटांचे प्रकारही बेसुमार वाढले, आणि २००३-०४ला ती बुडायच्या बेतात आली. नव्या प्रमुखांनी पसारा आवरला, सुट्या भागांचे प्रकार निम्म्याच्या आसपास आणले आणि कंपनीला पुन्हा विटेपाशी नेलं. आपल्या छोट्या दुकानालाही हेच लागू आहे. आपली 'वीट' कुठली, ते ओळखा आणि तिचं माप बदलू नका.

आपल्या मातीतली खेळणी

२०२०मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २०वरून ६० टक्के झालं, २०२३मध्ये ७० टक्के. बाहेरचा स्वस्त माल आटला आणि इथल्या उत्पादकाला जागा मिळाली. पण ही जागा शुल्काच्या आडोशाची आहे. आडोसा कायमचा नसतो, दर्जा मात्र कायम उपयोगी पडतो.

सावंतवाडीच्या चितारआळीत जा. रंगवलेली लाकडी फळं-भाज्या, भातुकली, पाळणे बघा. पूर्वी ही खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची होत. ते हलकं, मऊ आणि मुलाच्या हाताला सोसणारं. ते मिळेनासं झालं तसं दुसऱ्या लाकडांकडे वळावं लागलं. लाकडात उतरणाऱ्या प्रत्येकानं हा धडा घ्यावा. कच्चा माल पुढची वीस वर्षं कुठून येणार, हे विचारल्याशिवाय त्यात पाय टाकू नका. जमलं तर बांधावर झाडं लावणारे शेतकरी जोडा. दुसरी गोष्ट, सावंतवाडीचं फळ आज पुष्कळदा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात बसतं. शोभेची विक्री वाईट नाही, पण मुलाच्या हातातून सुटलेलं खेळणं त्या मुलाला आठवणार कसं? ते पुन्हा त्याच्या हातात जाईल असा आकार आणि रंग द्यायला हवा.

कर्नाटकातलं चन्नपट्टण जमल्यास बघून या. फिरत्या लाकडावर कारागीर लाखेची कांडी टेकवतो, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर चढते, आणि मग केवड्याच्या जातीच्या पानानं घासून चकाकी आणतात. एकही ब्रश नाही. भौगोलिक मानांकन मिळवून या गावानं आपलं नाव राखलं.

आणि आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे विसरू नका. मराठी मुलाचं इतकं स्वतःचं दुसरं खेळणं मला माहीत नाही. मूल स्वतः किल्ला बांधतं, त्यावर तोफ, बुरुज, पहारेकरी मांडतं. हा माल पंधरा दिवस खपतो, पण त्या पंधरा दिवसांत मुलाशी आणि घराशी जे नातं जडतं ते वर्षभर पुरतं. परदेशातल्या मराठी घरांतूनही किल्ल्याच्या संचाची मागणी असते. न फुटता पोचेल असं खोकं करणाऱ्याला तिथे मोठा वाव आहे.

विकल्यानंतरचं काम

सुटे भाग ठेवा. चाकं, आस, सोंगट्या, फासे, कोड्याचे हरवलेले तुकडे. दुरुस्तीतून पैसा फार सुटत नाही, पण दुकानात दुरुस्तीला आलेला माणूस रिकामा जात नाही आणि विसरत नाही. तक्रार आली तर आधी मूल बरं आहे ना हे विचारा, मग बिल मागा. एखाद्या मालात खरंच खोट निघाली तर उरलेला सगळा गठ्ठा त्याच दिवशी काउंटरवरून काढा. नुकसान होईल. ते सोसा.

वर्षातून एकदा व्यापारी प्रदर्शन बघायला जा. दिल्लीला खेळणी उत्पादकांचं मोठं प्रदर्शन भरतं. पुढे कधी जमलं तर जर्मनीतल्या न्युरेंबर्गचं, जे १९५०पासून चालू आहे. तिथे माल घेण्याआधी दोन दिवस नुसतं फिरा आणि प्रत्येक खेळणं उलटं करून बघा. खेळण्याची खरी माहिती तळाशी आणि सांध्यात असते.

पहिल्या वर्षात करायच्या गोष्टी

आता एवढंच करा. आठवड्यातले दोन तास एखाद्या बालवाडीत किंवा सोसायटीच्या बागेत मुलांचं खेळणं बघत बसा आणि दिसलं ते लिहा. कुणाच्या तरी दुकानात किंवा कारखान्यात नोकरी धरा. बीआयएसचे नियम एकदा नीट वाचून काढा. एकच खेळणं निवडा. ते घडवणार असाल तर पन्नास करा, विकणार असाल तर पन्नास विका, आणि त्या पन्नास घरांत महिन्यानं फोन करून विचारा, मूल अजून खेळतंय का? ज्या घरातून 'हो' येईल तिथे का, आणि जिथून 'नाही' येईल तिथे का नाही, हे समजून घेतलंत की तुमचं दुसरं खेळणं पहिल्यापेक्षा चांगलं होईल.

आणि त्या पहिल्या पन्नासांच्या तळाशी वर्ष आणि गठ्ठ्याचा क्रमांक लिहा. खोट निघाली तर कुठला माल परत मागवायचा हे त्यावरून कळतं, म्हणून तो लिहायचाच असतो. मी १९९९मध्ये खिळा घेऊन बसले होते ते त्याच कारणासाठी. ते वर्ष पंचवीस वर्षांनी माझ्याच काउंटरवर मला वाचायला मिळेल, असं तेव्हा मनातही नव्हतं. तुम्ही मात्र ते मनात धरूनच लिहा.